हिरव्या-पिवळ्या झेंड्याचा चित्रकार

दोस्तांनो, वर्ल्ड कपमध्ये ब्राझीलचा झेंडा पाहिलाय ना? हिरव्यावर पिवळी, पत्त्यांतल्यासारखी चौकट! ती १८२२ मध्ये आखली झां-बाप्तिस्त देब्रे या फ्रेंच चित्रकारानं, बरं का. नेपोलियन हरला, एकुलता एक मुलगाही गेला, तेव्हा पॅरिस सोडून १८१६ मध्ये तो रिओला पोचला. काम दरबारी, राजघराण्याची चित्रं काढायचं. पण गड्याची नजर रस्त्यावरच! डोक्यावर ओझी वाहणारे, फेरीवाले, फटके खाणारे आफ्रिकी गुलाम, सगळे त्यानं जलरंगांत टिपले. १८३१ मध्ये मायदेशी परतून त्यांचे तीन जाडजूड खंड छापले. ब्राझीलच्या इतिहास-संस्थेतल्या बड्या मंडळींना त्यातला गुलामांचा खंड मुळीच रुचला नाही. रुचेल कसा? गुलामगिरी तिथं १८८८ पर्यंत चालू होती! देब्रे मात्र १८४८ मध्येच वारला.