एवढी एक लेव्हल

मोबाइलवरच्या खेळांविषयी आपल्याकडे ओरड होते ती पैशांवरून. २०२५ च्या जुलैत विधान परिषदेत तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या मोबाइलवर रमी दिसली आणि गदारोळ झाला. ती नुसती जाहिरात होती, असा खुलासा त्यांनी केला. थोड्याच दिवसांत कृषी खाते जाऊन त्यांच्याकडे क्रीडा खाते आले. पुढच्याच महिन्यात संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. तो हवाच होता. पण त्याच कायद्याने 'ऑनलाइन सोशल गेम' नावाचा दुसरा वर्ग मोकळा सोडला, त्याला प्रोत्साहनही देऊ केले. गोळ्या जुळवणे, ठोकळे बसवणे, आपोआप वाढणारी नाणी गोळा करणे हे खेळ लोकांच्या मनात त्याच निरुपद्रवी खान्यात जाऊन पडतात. पैसे जात नाहीत ना, मग काय बिघडले? धोका नेमका या प्रश्नात आहे.

हे खेळ कुणासाठी केलेले असतात ते पाहायचे तर नवी मुंबईसारखी जागा नाही. मुंबईचा भार हलका व्हावा म्हणून हे शहर वसवायला १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. माणसे खाडीच्या या बाजूला राहायला आली, पण अनेकांच्या नोकऱ्या पलीकडेच राहिल्या. हार्बर मार्गावर जलद लोकल नाही. पनवेलहून सीएसएमटी गाठायची तर प्रत्येक स्टेशन घेत सव्वा तासाच्या वर जातो. येऊन-जाऊन अडीच तास, तेही बहुधा उभ्याने. पुस्तक उघडायला दोन हात मोकळे लागतात. खेळाला अंगठा पुरतो. त्यात सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, ज्याचा कारभार इथूनच, घणसोलीतून चालतो, आणि मोबाइल डेटा पाण्याच्या भावाने मिळू लागला.

त्याच २०१६ मध्ये नवी मुंबईतल्याच गेमशन या कंपनीने 'लुडो किंग' आणला. २०२० च्या लॉकडाउनमध्ये तो घराघरांत पोचला आणि त्या वर्षअखेरीस त्याची डाउनलोड पन्नास कोटींवर गेली. हाही फुकटच मिळतो, जाहिरातींवर चालतो. तरी त्याच्याबद्दल मला फारशी भीती वाटत नाही. लुडोला समोर माणूस लागतो: कोल्हापूरची आत्या, पुण्यातला भाऊ. सोंगट्या घरात गेल्या की डाव संपतो, कुणीतरी चिडते, फोन ठेवला जातो. २०२१ मध्ये लुडो हा कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला, तोही पैसे लावून खेळवणाऱ्या एका वेगळ्या अ‍ॅपमुळे. तिथेही चर्चा पैशांचीच. ज्या खेळाला सोबती लागत नाही आणि शेवटही नाही, त्याची चर्चा कुठेच झाली नाही.

आयडल गेम हा त्यातला सर्वांत चतुर प्रकार. तुम्ही काही करत नसतानाही तो चालू राहतो. २०१३ मध्ये ज्युलियन थिएनो या फ्रेंच प्रोग्रामरने केलेला 'कुकी क्लिकर' पाहा. बिस्किटावर क्लिक करायचे, बिस्किटे साठवायची, त्यांच्या मोबदल्यात एक आजी विकत घ्यायची. मग आजी बिस्किटे भाजत राहते. गोम किमतीत आहे. प्रत्येक नवी आजी आधीच्या आजीपेक्षा १५ टक्क्यांनी महाग. हिशेब केला तर दहावी आजी पहिलीच्या साडेतीनपट पडते आणि पन्नासावी नऊशे पटींहून जास्त. कमाई वाढते तशी किंमतही चक्रवाढीने पुढे पळते, त्यामुळे पुढची खरेदी कायम 'आता झालीच' एवढ्या अंतरावर राहते. मोबाइलवर आलेल्या अशा खेळांनी यात आणखी एक पाचर मारली: तुम्ही नसताना होणारी कमाई काही तासांनी थांबते. पेटी भरली, येऊन रिकामी करा. आलात की अर्ध्या मिनिटाची जाहिरात बघा आणि दुप्पट घेऊन जा. दर महिन्याला ज्याच्या पगारातून आधी घराचा हप्ता कापला जातो, त्याला न चुकता वाढणारा एक आकडा रोज पाहायला मिळतो. यात सुख नाही असे मी म्हणणार नाही.

या प्रकाराची टवाळी करायला इयन बोगोस्ट या अमेरिकी प्राध्यापकाने २०१० मध्ये फेसबुकवर 'काऊ क्लिकर' काढला. एक गाय, तिच्यावर दर सहा तासांनी एकदा क्लिक करायचे, बाकी काही नाही. विनोद फसला, कारण हजारो लोक तो मनापासून खेळू लागले. पुढच्या वर्षी त्याने सगळ्या गायी नाहीशा केल्या. काही जण त्यानंतरही गाय जिथे होती त्या रिकाम्या जागेवर क्लिक करत राहिले.

कोड्यांच्या खेळांचा काटा वेगळा आहे. 'कँडी क्रश' २०१२ चा. आज त्याच्या लेव्हल पंधरा हजारांच्या पुढे गेल्या आहेत. त्यात पाच 'लाइफ' मिळतात, एक गेली की भरून यायला तीस मिनिटे. वरवर पाहता हा लगाम वाटतो. प्रत्यक्षात पोट भरायच्या आत ताट ओढून घेतल्यासारखे आहे ते: कंटाळा यायच्या आधीच खेळ बंद पडतो आणि परत यायची वेळही तोच ठरवून देतो. शिवाय हार अशी होते की ती हार वाटत नाही. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये याच खेळावर अभ्यास केला. थोडक्यात हुकलेल्या डावानंतर खेळणारे साध्या हारीपेक्षा जास्त वैतागले होते, आणि पुढे खेळायची ऊर्मीही त्यांना जास्त होती. ही ओढ जुगारातही दिसते. संशोधक नताशा डाऊ शूल यांनी लास व्हेगासमधल्या स्लॉट मशीनवरच्या माणसांचा बरीच वर्षे अभ्यास करून २०१२ मध्ये पुस्तक लिहिले. त्यांना दिसले की मुरलेला खेळाडू जिंकायला खेळतच नाही; जिथे काही ऐकू येत नाही, कुणी हाक मारत नाही, त्या अवस्थेत टिकून राहायला तो खेळतो. पैसे हे तिथे थांबायचे भाडे.

ठाण्याकडे जाणाऱ्या लोकलमध्ये हे रोज दिसते. तुर्भ्याला चढलेले गृहस्थ, वय पन्नाशीचे, एक हात कडीला. दोन खडे उरलेले असताना चाली संपतात. पडद्यावर पाच जादा चालींचे आमिष, किंमत सोन्याच्या विटांत. रुपयांचा उल्लेख नाही. ते नाक मुरडतात, फोन खिशात टाकतात. घणसोली यायच्या आत फोन पुन्हा हातात. मग जाहिरात. कोपऱ्यातली फुली इतकी बारीक की बोट बाजूला पडते आणि अ‍ॅप स्टोअर उघडते. चेहऱ्यावर आनंद म्हणाल तर शोधूनही सापडत नाही. विचारले तर उत्तर ठरलेले असते, 'टाइमपास हो, एवढी एक लेव्हल अडकलीये.'

हे गृहस्थ आजारी नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात १ जानेवारी २०२२ पासून गेमिंगचा विकार अधिकृतपणे आला आहे. पण त्यासाठी खेळावरचा ताबा सुटून नोकरी, घर, नाती यांची गंभीर हानी झालेली असावी लागते, तीही साधारण वर्षभर. इथे तसे काही नाही. पगार येतो, संसार चालतो. डॉक्टरांच्या कक्षेबाहेर आणि नव्या कायद्यातल्या बंदीच्याही बाहेर, असा हा मधला पट्टा आहे आणि बहुसंख्य लोक त्यातच आहेत. त्यांच्याकडून जाते ते म्हणजे डोके रिकामे ठेवायची सवय. खाडीपुलावरून जाताना घरचा एखादा अवघड प्रश्न मनात घोळायचा, ऑफिसातला अपमान तेवढ्या वेळात पचायचा, शेजारच्याशी दोन शब्द व्हायचे. ती फट आता विकली गेली आहे, आणि घेणाऱ्याला तिची किंमत विकणाऱ्यापेक्षा नेमकी माहीत आहे: पहिल्या, सातव्या, तिसाव्या दिवशी किती जण परत आले हे मोजूनच हे खेळ घडवले जातात. एकाच खेळाची दोन रूपे सोडायची, ज्यात माणसे जास्त थांबतील ते ठेवायचे.

मनावर ताबा ठेवा, हा सल्ला इथे म्हणूनच अपुरा पडतो. एका बाजूला दमलेला माणूस आणि दुसऱ्या बाजूला त्याच्यावरच रात्रंदिवस चालणारे प्रयोग, ही बरोबरीची लढत नव्हे. सूचना बंद करणे, खेळ घरच्या टॅबवर ठेवून प्रवासाच्या फोनवरून काढणे, हे उपाय थोडेफार चालतात. पण मागणी दुसऱ्या बाजूकडेही करता येते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत तेरा प्रकार नोंदले आहेत: खोटी घाई, सततचा तगादा, लपवलेली जाहिरात वगैरे. भारतात वस्तू किंवा सेवा देणाऱ्या सगळ्या प्लॅटफॉर्मना ती लागू आहेत. चालींची किंमत रुपयांत दाखवा, फुली मोठी करा, आजवर किती तास गेले ते उघडताच सांगा, एवढे मागायला नवा कायदा येईपर्यंत थांबायला नको. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहेच. फ्रिज बिघडला की आपण तो क्रमांक फिरवतो. खेळासाठी कुणाला सुचत नाही, कारण फुकट मिळालेल्या गोष्टीची तक्रार कसली करायची, असे आपल्याला वाटते.