सवलत मिळाली, गाडीचे काय?



१७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीचे अर्धे तिकीट झाले आणि राज्यभरचे स्टँड बायकांनी गजबजले. माहेर, दवाखाना, तालुक्याची कचेरी; पैशांपायी लांबणीवर पडणारे जाणे होऊ लागले. त्याआधी, ऑगस्ट २०२२ मध्ये, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा प्रवास मोफत झाला होता. दोन्ही निर्णय चांगलेच. पण ज्या गावात दिवसाकाठी एकच फेरी येते, तीही पावसाळ्यात बेभरवशाची, तिथल्या आजीने ही सवलत वापरायची कुठे?

फेरी बंद करताना भारमान आणि उत्पन्न पाहिले जाते. हिशेब चुकतो तो इथेच. सकाळची शाळेच्या वेळेची गाडी बहुतांशी पासवाल्या मुलांनी भरलेली असते. विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण मुलींचा बारावीपर्यंतचा पास मोफत. साहजिकच वाहकाच्या हातात रोख कमी पडते आणि कागदावर फेरी तोट्याची ठरते. ती थांबली की आधी मुलीची शाळा सुटते. मुलगा कुणाच्या तरी दुचाकीवर मागे बसून जातो. मुलीला वडापच्या कोंबलेल्या जीपमध्ये पाठवायला घरचे धजत नाहीत. मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या बस मुलींसाठी सुरू कराव्या लागल्या, त्या याच अडचणीमुळे.

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एसटीचा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. कर्मचाऱ्यांच्या पगाराचा प्रश्न खरा होता. पण करोनानंतर शाळा नुकत्या उघडत असताना एसटीविना खेडे किती अडते, हे त्या महिन्यांत साऱ्या राज्याने पाहिले. गडचिरोलीतल्या गर्देवाड्याला तर स्वातंत्र्यानंतरची पहिली एसटी १ जानेवारी २०२५ रोजी मिळाली! मुख्यमंत्र्यांनी तिथे जाऊन ती सुरू केली, याचे मोल मोठे आहे. आता ती रोज, वेळेवर धावली पाहिजे.

म्हणून कोणतीही फेरी कमी करण्याआधी आगाराने ग्रामपंचायत आणि मुख्याध्यापकांना विचारणे बंधनकारक करावे. वेळापत्रक शाळेच्या घंटेशी आणि ग्रामीण रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण तपासणीशी जुळवावे. बंद पडलेल्या मुक्कामी गाड्या पुन्हा सुरू कराव्यात. पहाटे तालुक्याला पोचवणारी दुसरी सोय बहुतेक गावांत नाही. त्यासाठी चालक-वाहकांना झोपायला बरी खोली आणि स्वच्छतागृह देणे गावाचे काम आहे, ते गावाने करावे.

पैसा कुठून आणायचा, हे विचारले जाईलच. टप्पा वाहतुकीच्या भाड्यावर सरकार साडेसतरा टक्के प्रवासी कर घेते. निदान शाळेच्या आणि मुक्कामी फेऱ्यांपुरता तो माफ करून सुरुवात करता येईल.

– एक एसटी प्रवासी