यंदाच्या बैठकीत आवाजाचंही बोला

गणपती जवळ आले की मंडळांच्या बैठका सुरू होतात. वर्गणी, मांडव, देखावा, मिरवणूक, सगळ्यावर चर्चा होते. यंदा आवाजाचा विषयही घ्या, एवढं सांगायला हे लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वी विसर्जनाच्या रात्री माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. मिरवणूक आमच्या कोपऱ्यावर अडकली आणि स्पीकरची भिंत नेमकी खिडकीसमोर आली. मांडणीवरचे स्टीलचे पेले एकमेकांवर आपटून वाजू लागले, एक घरंगळत खाली आला. सासूबाईंनी दोन्ही कान हातांनी झाकले होते. त्यांचे हात दुखायला लागले की मी झाकत होते. खाली नाचणाऱ्यांतली निम्मी मुलं माझ्या ओळखीची. एकानेही हे मुद्दाम केलं नव्हतं. वर कोणी आजारी आहे, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

‘आमचा सण, त्यात सरकारचं काय काम?’ असं पोरं विचारतात. प्रश्न रास्त आहे. एकत्र जमायचा, बोलायचा, सण करायचा हक्क राज्यघटनेनेच दिला आहे. पण ज्याला ऐकायचं नाही त्याच्या घरात आवाज घुसवणं त्या हक्कात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालीच स्पष्ट केलं.

नियमही लोक समजतात तितका जाचक नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. ध्वनिवर्धकाला लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ तो उघड्यावर बंद, मात्र सणासमारंभांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री ४५ ची. हे आकडे फसवे असतात. डेसिबल दहाने वाढला की आवाजाची ऊर्जा दहापट होते. म्हणजे ५५ च्या जागी ९५ झाला, तर ती दुप्पट नव्हे, दहा हजारपट झाली. पेले उगाच नाचत नाहीत.

आता दुसरी बाजू. कायदा आहे म्हणून पोलिसांनी वाटेल ते थांबवावं, हेही मला मान्य नाही. आवाज मीटरने मोजायचा असतो, अंदाजाने नव्हे. उद्या कोणी ढोलताशाच नको म्हणालं, तर कोणत्या नियमाने आणि किती आवाज भरला, हे नम्रपणे पण ठाम विचारा. आणि नियम सर्वांना सारखा हवा. मंदिराचा भोंगा, मशिदीचा भोंगा, पुढाऱ्याची सभा, लग्नाची वरात, कुणालाच वेगळा न्याय नको. ध्वनिवर्धक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. तक्रार करणाऱ्याचं नाव पोलिसांनी उघड करू नये, असंही त्याच निकालात आहे. तेव्हा सोसवेनासं झालं तर ११२ वर फोन करायला घाबरू नका, आणि शेजाऱ्याने केला तर त्याला धर्मद्रोही ठरवू नका.

पण फोनची वेळ येण्याआधी बरंच काही करता येतं. घरात आजारी माणूस असेल तर मंडळाच्या पोरांना आठ दिवस आधी जाऊन सांगा. मंडळांनो, तुम्ही दोन कार्यकर्त्यांना वही घेऊन मिरवणुकीच्या वाटेवर फिरवा. कुठे तान्हं बाळ आहे, कुठे ऑपरेशन झालेला माणूस, लिहून घ्या. तेवढ्या टप्प्यात स्पीकर बंद ठेवा.

आमच्या मंडळाने गेल्या वर्षी हे केलं. आमच्या दारापुढून फक्त लेझीम गेलं. आवाज कानावर आला तशा सासूबाई मला म्हणाल्या, “अगं, ती खिडकी जरा उघड.”