खुर्चीतले दुखणे आणि मालिशचा उतारा

दर शुक्रवारी दुपारी चारच्या सुमारास पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मजल्याच्या कोपऱ्यात एक चमत्कारिक खुर्ची मांडली जाते. तिच्यावर उलटे बसायचे, तोंड समोरच्या गादीच्या भोकात खुपसायचे आणि मान-पाठ मागे उभ्या असलेल्या माणसाच्या हवाली करायची. प्रत्येकाच्या वाट्याला दहा मिनिटे. आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा या रांगेत न चुकता उभा राहतो. ‘काका, आठवड्यातली सगळ्यांत चांगली दहा मिनिटं असतात ती,’ असे तो परवा सांगत होता. वय वर्षे तेहतीस. सोमवारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याची मान पुन्हा आखडलेली असते.

एकेकाळी कंबर धरून चालणे हा आजोबांचा मान होता. आज तो मान नातवाने हिसकावून घेतला आहे. २०२० सालच्या टाळेबंदीत जेवणाच्या टेबलावर आणि पलंगाच्या कडेवर कचेऱ्या थाटल्या गेल्या, तेव्हापासून तर हे दुखणे घराघरात शिरले. त्यात कामाच्या तासांची भाषा चढत्या भाजणीने चालली आहे. २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास कामाचा सल्ला दिला. २०२५ च्या आरंभी एका मोठ्या अभियांत्रिकी कंपनीच्या अध्यक्षांनी तो आकडा ९० वर नेला. त्याच वर्षी सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने वीस किंवा अधिक कामगार असलेल्या दुकाने-आस्थापनांत कामाचा दिवस नऊवरून दहा तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. या सगळ्या चर्चेत माणसाच्या पाठीला कोणी काही विचारल्याचे ऐकिवात नाही. पाठीने आपले उत्तर परस्पर दिले आणि गल्लोगल्ली मसाज सेंटरच्या पाट्या झळकू लागल्या.

मालिश आपल्याला नवी नाही. दिवाळीच्या पहाटेचे अभ्यंग, बाळ-बाळंतिणीला तेल लावायला येणाऱ्या बाई, तालमीतले मर्दन आणि गिरगाव चौपाटीवर संध्याकाळी बाटल्या किणकिणवत फिरणारे तेलमालिशवाले हे सारे आपल्या परिचयाचे. इंग्रजांना तर ही चंपी इतकी आवडली की पाटण्याच्या दीन महंमदाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रायटनला स्नानगृह उघडून थेट राजा चौथ्या जॉर्जची पाठ गाठली. ‘शाम्पू’ हा शब्द या चंपीतूनच आला. फरक एवढाच, की तालमीतला पैलवान अंग मोडेपर्यंत मेहनत करी आणि मग अंग रगडून घेई. आपले अंग दिवसभर न हलता मोडते.

न हलता अंग का मोडावे? संगणकापुढे बसलेला माणूस वरवर पाहता स्वस्थ असतो, पण साडेचार-पाच किलोंचे डोके पुढे झुकलेले, हात कळफलकावर अधांतरी आणि खांदे नकळत कानांकडे चढलेले. हे सारे तोलून धरायला मानेचे आणि खांद्याचे स्नायू तासन् तास थोडेथोडे आवळलेले राहतात. हॅग नावाच्या स्वीडिश संशोधकाने १९९१ मध्ये यामागची एक कल्पना मांडली. स्नायू कामाला लागला की त्यातले बारीक तंतू सर्वांत आधी जागे होतात आणि स्नायू पूर्ण सैल सोडेपर्यंत त्यांना सुट्टी मिळत नाही. काम हलके असले तरी राबणारे तेच. त्याने त्यांना परीकथेतल्या सिंड्रेलाचे नाव दिले. आपल्याकडे हा शोध लागता तर नाव थोरल्या सुनेचे पडले असते, कारण सर्वांत आधी उठून सर्वांत शेवटी निजणारी तीच. कल्पना अजून पुरती सिद्ध झालेली नाही. पण वजन न उचलताही खांदा का भरून येतो, हे त्यातून समजते.

या थकलेल्या सुनेला मालिश काय देते? रक्तातली ‘विषारी द्रव्ये’ निघून जातात, लॅक्टिक आम्ल निचरून जाते, असे मसाज केंद्रांच्या पत्रकांत छापलेले असते. ते खरे नाही. व्यायामाने साठलेले लॅक्टिक आम्ल शरीर तासाभरात आपले आपणच वापरून टाकते, आणि खुर्चीत बसणाऱ्याच्या अंगात ते साठण्याचे कारणच नसते. मालिशचे काम बरेचसे मज्जासंस्थेमार्फत चालते. पडून गुडघा फुटलेल्या पोराचा पाय आई चोळते आणि त्याचे रडणे थांबते, त्यातले मर्म मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये उलगडले होते. स्पर्शाचा संदेश वेदनेच्या संदेशाची वाट काही अंशी अडवतो. आवळलेला स्नायू सैल होतो, श्वास संथ होतो आणि मान थोडी अधिक वळते. हे काही लहान सुख नव्हे.

ते किती टिकते, याचे चांगले उत्तर अमेरिकेत सिएटलकडे झालेल्या एका चाचणीत मिळते. जुनी कंबरदुखी असलेल्या ४०१ जणांचे तीन गट केले. एका गटाला दुखऱ्या जागा हेरून त्यांवर नेमकी केलेली मालिश, दुसऱ्याला साधी, अंग सैल करणारी मालिश आणि तिसऱ्याला नेहमीचे उपचार. मालिश आठवड्यातून एकदा, दहा आठवडे. २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दहा आठवड्यांअखेर मालिशच्या दोन्ही गटांत तिघांपैकी एकाहून थोडे अधिक लोक दुखणे जवळजवळ गेल्याचे सांगत होते. तिसऱ्या गटात शंभरात अवघे चार. फायदा सहा महिन्यांपर्यंत जाणवला, वर्षअखेरीस बहुतेक विरला. आणि नेमक्या मालिशीत व साध्या मालिशीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही! ‘डीप टिश्यू’ या नावाखाली दुप्पट दर लावणाऱ्यांनी हा निष्कर्ष दरपत्रकाशेजारी टांगायला हरकत नाही.

मानेवरची २०१४ ची चाचणी आणखी बोलकी आहे. जुनी मानदुखी असलेल्यांना अर्ध्या तासाच्या मालिशीचा उपयोग झाला नाही. तासाभराची, आठवड्यातून दोन-तीनदा, चार आठवडे घेतल्यावर झाला. शुक्रवारच्या दहा मिनिटांचा हिशेब वाचकांनीच मांडावा. दहा तास खुर्चीत आणि दोन तास हिंजवडीच्या वाहतुकीत घालवणाऱ्याने आठवड्यातून तीनदा हा एक तास कोठून काढायचा, याचे उत्तर चाचणीत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीसाठी मार्गदर्शिका काढली. जगात २०२० मध्ये सुमारे ६२ कोटी लोकांना कंबरदुखी होती, आणि २०५० पर्यंत ही संख्या ८४ कोटींवर जाईल असा अंदाज आहे. या मार्गदर्शिकेत मालिशला जागा आहे, पण व्यायाम आणि रुग्णाला समजावून सांगणे यांच्या पंगतीत. पुरावा कच्चा असल्याची कबुलीही आहे. आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे कमरेचे पट्टे आणि ट्रॅक्शन मात्र सरधोपट वापरू नयेत, असे ती सांगते. ब्रिटनच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेची अट अधिक स्पष्ट आहे. हाताने करायचे उपचार करायचेच तर व्यायामाच्या जोडीने करा, एकटे नकोत. दुखणे उतरते तो काळ अंग हलवायला शिकण्यासाठी वापरायचा, हा त्यामागचा विचार. तो काळ पुन्हा खुर्चीत घालवला तर पुढच्या शुक्रवारी रांग आहेच.

हात कोणाचा, हाही प्रश्न आहेच. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५३ मध्ये फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले, म्हणजे हे शास्त्र इथे सत्तर वर्षांहून अधिक काळ रुजलेले आहे. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट पाठीला हात लावण्याआधी प्रश्न विचारतो आणि कधीकधी हात लावायला नकारही देतो. कळ पायात गुडघ्याखाली उतरते का, पाय बधिर किंवा लुळा पडतो का, लघवी-शौचावरचा ताबा सुटला आहे का, ताप आहे का, वजन उगाच घटते आहे का? यांतल्या कशाचेही उत्तर ‘हो’ असेल तर आधी डॉक्टर गाठावा. ताबा सुटला असेल तर त्याच दिवशी. एकच पोटरी सुजून दुखत असेल तर ती चोळू नये, आत रक्ताची गुठळी असू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा हाडे ठिसूळ झाली असतील तर तसे आधी सांगावे. आणि केस कापून झाल्यावर ‘कट’ असा आवाज काढून मान मोडून देणाऱ्याला हात जोडून नको म्हणावे. अशा झटक्याने मानेतल्या रोहिणीचे आतले अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. प्रसंग विरळा खरा, पण फुकटच्या मालिशीसाठी तो जुगार कशाला?

दुखण्याचे मूळ जिथे आहे तिथे मात्र कोणाचाच हात पोचत नाही. युरोपीय समुदायाने १९९० मध्येच एक निर्देश काढला. पडद्यापुढच्या कामात अधूनमधून विश्रांती किंवा कामात बदल मिळेल अशी आखणी मालकाने करावी, असे त्यात आहे. आपल्याकडे केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांत दिवसभर उभे राहणाऱ्या कामगारांना बसण्याचा हक्क दिला. योग्यच झाले. पण दिवसभर बसणाऱ्याला उठण्याचा हक्क कोण देणार? बैठक संपवून जागेवरून उठले की ‘काम संपलं वाटतं?’ असे विचारणारा साहेब जिथे आहे, तिथे दर अर्ध्या तासाने उठा हा सल्ला कागदावरच राहतो. कचेरीतून परतल्यावर ओट्यापाशी उभ्या राहणाऱ्या बायकांची पाठ तर दोन्हीकडून भरडली जाते, आणि कंपनीच्या मालिशच्या रांगेत थांबायला त्यांना वेळ नसतो, कारण मुलाच्या पाळणाघराची वेळ झालेली असते.

शेजाऱ्यांचा मुलगा शेवटी एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेला. त्यांनी मान पाहण्याआधी त्याच्या टेबलाचा फोटो मागितला. पंधरा मिनिटे मान-खांदे दाबून दिले आणि पुढची वीस मिनिटे चार व्यायाम करून घेतले. फोन आला की उभे राहून बोलायचे आणि लॅपटॉप डोळ्यांच्या पातळीवर आणायचा, असे बजावले. घरी त्याने लॅपटॉपखाली वडिलांचे दोन जाडजूड शब्दकोश सरकवले आणि वेगळा कळफलक जोडला. दीड महिन्यात मान बरीच सुटली. कचेरीत तसाच स्टँड मिळावा म्हणून त्याने रीतसर अर्ज केला, त्याला तीन महिने होत आले. अर्ज अजून मंजुरीच्या वाटेवर आहे. शुक्रवारची खुर्ची मात्र बरोबर चारला येते.