पाच वर्षं उलटून गेली. वॉर रूमचा तो फोन आता कोण उचलणार?

११ मार्च २०२० ला मुंबईत कोरोनाचे पहिले दोन रुग्ण सापडले होते. त्याआधी दोन दिवस, ९ मार्चला, पुण्यात सापडले होते आणि आपण मुंबईकर "पुण्यात आलाय म्हणे" असं चहाच्या टपरीवर बोलत होतो. पुढे काय झालं ते सगळ्यांनी भोगलंय. ते पुन्हा सांगून कोणाला रडवायचं नाही. पण मला एका गोष्टीचा हिशोब मांडायचाय. पोस्ट मोठी आहे, लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर वाचा.

"मुंबई मॉडेल" हा शब्द आपण इतक्या वेळा ऐकला की त्यात नेमकं काय होतं हेच विसरलो. एका बाजूचे लोक म्हणतात, मुंबईने जगाला दाखवून दिलं. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, सगळा भ्रष्टाचार होता. मला विचाराल तर दोघंही अर्धं अर्धं बोलतायत. आणि या दोघांच्या भांडणात जे खरं शिकायचं होतं ते राहून गेलं.

आधी वाईट दिवसांपासून सुरुवात करतो.

मे २०२०. आमची चाळ गिरणगावातली. तळमजल्यावरच्या एका काकूंना धाप लागली. रात्री नऊपासून आम्ही चौघं पोरं फोन लावत बसलो. जो नंबर कोणी देईल तो लावला. एक रुग्णालय म्हणालं, आधी रिपोर्ट आणा. दुसरं म्हणालं, बेड नाही. तिसरीकडे फोनच उचलला नाही. रुग्णवाहिका आली तेव्हा उजाडलं होतं. काकू तिसऱ्या दिवशी गेल्या. त्यांच्या मुलाला तोंडही बघता आलं नाही. हा काही आमच्या एकट्या चाळीचा किस्सा नाही, हे वाचणाऱ्या प्रत्येकाकडे असा एक तरी किस्सा असेल.

तेव्हा शहरात बेडच नव्हते का? कमी होते, पण अजिबात नव्हते असं नाही. कुठला बेड कुठे रिकामा आहे आणि कुठल्या पेशंटला त्याची गरज आहे, हे एकाच वेळी माहीत असलेला माणूस नव्हता. सव्वा कोटी लोकांच्या शहरात सगळे जण एकाच दरवाज्यावर धक्के मारत होते. त्याच महिन्यात पालिकेच्या एका मोठ्या रुग्णालयात मृतदेहांशेजारी रुग्ण झोपलेले आहेत असा व्हिडिओ सगळ्या देशाने पाहिला. ८ मे २०२० ला आयुक्त प्रवीण परदेशी यांची बदली झाली आणि इक्बालसिंह चहल आले. जूनच्या मध्यावर आकड्यांचा ताळमेळ घातला तेव्हा मुंबईचे ८६२ मृत्यू आधी मोजलेच गेले नव्हते असं निघालं. ८६२ हा आकडा नाही हो, ८६२ घरं आहेत.

मग बदललं काय?

माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट बदलली ती ही, की मुख्यालयातला कारभार वॉर्डात आला. जून २०२० मध्ये २४ वॉर्डांत २४ वॉर रूम सुरू झाल्या. लॅबचे रिपोर्ट आधी पालिकेकडे जायचे, तिथून वॉर्डवार वाटले जायचे, आणि वॉर्डातून रुग्णाच्या घरी फोन यायचा. लक्षणं काय, वय काय, घरात वेगळी खोली आहे का, साखर-बीपी आहे का, हे विचारून मग ठरायचं की घरी राहायचं, केंद्रात जायचं की आयसीयूत. म्हणजे बेड शोधायचं काम पेशंटच्या नातेवाइकांच्या डोक्यावरून उतरून पालिकेच्या टेबलावर आलं.

यावर तेव्हा टीका झाली आणि ती रास्त होती. माझा रिपोर्ट मला आधी का नाही, हा प्रश्न चुकीचा नव्हताच. पण आधीच्या पद्धतीत काय होत होतं तेही आठवा. रिपोर्ट हातात आला की ज्याच्याकडे पैसे आणि ओळख तो लक्षणं नसतानाही मोठ्या रुग्णालयात बेड अडवून बसायचा, आणि धाप लागलेला रिक्षावाला दारोदार फिरायचा. वॉर रूमने ओळख हा प्रकार पूर्ण संपवला असं मी म्हणणार नाही. वशिले तेव्हाही चालले. पण वशिला नसलेल्या माणसाला निदान एक नंबर मिळाला.

एप्रिल २०२१ मध्ये त्याचा अनुभव आम्हीच घेतला. ४ एप्रिलला मुंबईत एका दिवसात ११,१६३ रुग्ण सापडले, त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या आप्पांचं ऑक्सिजन ८८ वर आलं. रात्री दीड वाजता वॉर्डाच्या नंबरवर फोन लावला. दुसऱ्या रिंगला एका बाईंनी उचलला. शांतपणे सगळं विचारलं. म्हणाल्या, "पालथं झोपवा, मी अर्ध्या तासात परत फोन करते." आणि खरंच केला! पहाटे चारला आप्पा जंबो केंद्रात ऑक्सिजनवर होते. आज ते रोज सकाळी गॅलरीत पेपर वाचत बसतात आणि माझ्या पोस्टवर "लय लिहितोस" म्हणतात.

नंतर कळलं, त्या बाई पालिकेच्या शाळेतल्या शिक्षिका होत्या. शाळा बंद, म्हणून ड्युटी वॉर रूमला लागलेली. दिवसा मुलांना मोबाइलवर शिकवायच्या आणि रात्री बेड लावायच्या. मुंबई मॉडेलचा चेहरा शोधायचा असेल तर माझ्यासाठी तो या बाईंचा आहे. त्यांचं नाव मला आजही माहीत नाही.

आता धारावी. त्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

१ एप्रिल २०२० ला धारावीत पहिला रुग्ण सापडला आणि त्याच दिवशी तो गेला. तेव्हा टीव्हीवरचे तज्ज्ञ काय काय बोलत होते आठवा. जेमतेम अडीच चौरस किलोमीटर जागा, लोकसंख्या साडेआठ ते दहा लाख, दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं, आणि बहुतेकांना सार्वजनिक शौचालय. तिथे "अंतर ठेवा" हे सांगणंच थट्टा होती. जी उत्तर वॉर्डाच्या लोकांनी ते ओळखलं. घरात वेगळं राहता येत नाही ना, मग शाळा, क्रीडा संकुल, हॉल ताब्यात घ्या आणि संशयितांना तिथे ठेवा, जेवण द्या. लोक दवाखान्यात यायला घाबरतात ना, मग गल्लीत ताप तपासणी शिबिरं लावा. गल्लीतल्या खाजगी डॉक्टरांवर लोकांचा भरवसा आहे ना, मग त्यांनाच पीपीई किट देऊन सोबत घ्या. निसर्ग उद्यानाच्या जागेत २०० खाटांचं रुग्णालय उभं राहिलं. शौचालयं दिवसातून अनेकदा धुतली, फवारली. १० जुलै २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेतलं. २५ डिसेंबरला धारावीत एकही नवा रुग्ण नव्हता.

पण इथेही जरा थांबून बघू. जुलै २०२० मध्ये पालिका, नीती आयोग आणि टीआयएफआर यांनी तीन वॉर्डांत रक्ताचे नमुने तपासले. ते वॉर्ड दहिसर, चेंबूर आणि माटुंगा-शीव बाजूचे, धारावी त्यात नव्हती. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांमध्ये अँटिबॉडी सापडल्या, इमारतींत १६ टक्के. याचा अर्थ काय? विषाणू झोपडपट्टीत बेफाम पसरला होता. आणि ज्यांना लागण झाली त्यातल्या बहुतेकांची आपल्याकडे नोंदच नव्हती. ते बहुतेक तरुण होते, कष्टकरी होते, वाचले. तेव्हा "आपण रोखला" असं छाती ठोकून म्हणण्याआधी हा १६ आणि ५७ मधला फरक लक्षात ठेवला पाहिजे. तो फरक विषाणूने पाडलेला नाही. तो घराच्या चौरस फुटांचा आणि संडासाच्या रांगेचा आहे. तो २०२० च्या आधीही होता, आजही आहे.

दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनसाठी दिल्लीत हाहाकार झाला आणि ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने मुंबईकडून शिका असं सांगितलं. आपली कॉलर ताठ झाली. पण त्याच्या तीनच आठवडे आधी, १६-१७ एप्रिलच्या रात्री, ऑक्सिजन संपत आला म्हणून सहा पालिका रुग्णालयांतून १६८ रुग्ण हलवावे लागले होते. मग मुंबई वाचली कशी? पहिली लाट ओसरल्यावर जंबो केंद्रं घाईने उचलून टाकली नव्हती. द्रव ऑक्सिजनच्या टाक्या बसवलेल्या होत्या. आणि हलवायला कुठेतरी रिकामे बेड होते. म्हणजे गरज नसताना ठेवलेली तयारी गरजेच्या रात्री कामाला आली. त्याआधीच्या जानेवारीत कोणी म्हणालं असतं, "रिकाम्या मांडवावर पैसे का उधळता?", तर आपण टाळ्याच वाजवल्या असत्या.

पैशाचं निघालंच आहे तर तेही बोलू. कोविडच्या नावाने पालिकेने जे सुमारे साडेतीन हजार कोटी खर्च केले, ते कॅगच्या विशेष लेखापरीक्षणात आलेच नाहीत. साथरोग कायद्याचं कारण पुढे केलं गेलं. बाकी खात्यांची तपासणी झाली, याची नाही. जंबो केंद्रांची कंत्राटं, खिचडी, बॉडी बॅग यांवर चौकशा लागल्या, गुन्हे दाखल झाले. कोण दोषी ते कोर्ट ठरवेल, मी ठरवणार नाही. पण माझं म्हणणं साधं आहे. साथीत टेंडरची वाट बघत बसता येत नाही, हे मान्य. घाईत चढ्या भावाने घ्यावं लागतं, तेही मान्य. पण साथ संपल्यावर पावत्या दाखवायला काय हरकत आहे? चाळीच्या गणेशोत्सवाचा जमाखर्च आपण फळ्यावर लावतो. पालिकेला तेवढंही जमू नये? जे प्रामाणिकपणे राबले त्यांच्यासाठी तरी हिशोब उघडा व्हायला हवा. नाहीतर त्या शिक्षिका बाई आणि कंत्राटात हात मारणारा, दोघंही लोकांच्या बोलण्यात एकाच माळेचे मणी होतात. मला ते सहन होत नाही.

आता मूळ प्रश्न. उद्या पुन्हा काही आलं तर?

७ मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ २२७ पैकी एकही नगरसेवक नव्हता, सगळा कारभार प्रशासकाच्या हातात होता. काही जण म्हणत होते, बरंच झालं, कटकट गेली. त्यांना विचारायचंय, लॉकडाऊनमध्ये रेशन कुठल्या गल्लीत पोचलं नाही हे मुख्यालयाला कोण सांगत होतं? कामचुकार नगरसेवक होते, नाही कशाला म्हणू. पण त्यांच्या दारात जाऊन ओरडता तरी येत होतं. नगरसेवकच नसताना पाणी नाही आलं तर ओरडायचं कुणाच्या दारात? ज्या शहराने वॉर्डात कारभार नेला म्हणून जीव वाचवले, त्याच शहराचा कारभार वॉर्डातून उचलून पुन्हा वर नेऊन ठेवला होता.

दुसरं, आरोग्य सेविका. घरोघरी जाऊन तापमान आणि ऑक्सिजन मोजणाऱ्या या बायका. आपण त्यांच्यासाठी थाळ्या वाजवल्या. कागदावर त्या "स्वयंसेविका" आणि मिळतं ते "मानधन". २०२५-२६ चं पालिकेचं बजेट ७४ हजार ४२७ कोटींचं होतं. त्यातही साथीच्या वेळी पहिली दार ठोठावणारी बाई कर्मचारी म्हणून बसली नव्हती!

तिसरं, वॉर रूम. बेडचा तो सामायिक तक्ता, वॉर्डातल्या डॉक्टरांची यादी, रुग्णवाहिकांची यादी, हे सगळं कायम चालू ठेवलं असतं तर डेंग्यू-लेप्टोच्या पावसाळ्यातही उपयोगी पडलं असतं. आज आयसीयू बेड शोधायचा असेल तर आपण पुन्हा व्हॉट्सॲप ग्रुपवर "कोणाची ओळख आहे का" असंच टाकतो. म्हणजे मे २०२० लाच परत आलो की.

मुंबईने हे आधीही पाहिलंय. १८९६ ला मांडवीत प्लेग आला. मग १८९७ चा साथरोग कायदा आला, १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. रुंद रस्ते झाले, दादर-माटुंग्याला नव्या वसाहती झाल्या. पण ज्या गरिबांच्या खोल्या पाडल्या त्यांना तेवढ्या बांधून मिळाल्या नाहीत, ते शेजारच्या गल्लीत अजून दाटीने राहायला गेले. साथ गेली, दाटी राहिली. सव्वाशे वर्षांनी त्याच दाटीत ५७ टक्के निघाले.

म्हणून पालिकेची निवडणूक जेव्हा जेव्हा लागेल तेव्हा माझ्या दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला मी तीन गोष्टी विचारणार आहे. कोविडचा हिशोब उघडा करणार का? आरोग्य सेविकांना कायम करणार का? आणि रात्री दीड वाजता माझ्या वॉर्डात फोन कोण उचलणार? झेंडा कुठला ते नंतर बघू.

तुमच्या वॉर्डात काय झालं होतं ते खाली लिहा. चांगलं असेल तर चांगलं, वाईट असेल तर वाईट. आणि त्या दिवसांत फोन उचलणारी कोणी बाई, कोणी डॉक्टर, कोणी सफाई कामगार आठवत असेल, तर आज त्यांना एक फोन करा. त्या वेळी आभार मानायलाही श्वास नव्हता आपल्याकडे.