इंजिन पेटल्यानंतर

लेण्याद्रीच्या परिसरातील द्राक्षबागांतून छोटा ट्रॅक्टर चालविणारे हात पुष्कळदा सत्तरीचे असतात. इंजिनाने पेट घेतला, की आग विझताच दुरुस्तीची घाई होते. धोका त्या घाईतही असतो.

इंजिन पूर्ण निवेपर्यंत बॉनेट उघडू नये. हवा शिरताच धुमसणारी आग पुन्हा भडकू शकते. नंतर प्रथम बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी. डिझेलची नळी, वायरिंग आणि सायलेन्सरजवळ साचलेला तेलकट पालापाचोळा तपासावा. वितळलेली वायर चिकटपट्टीने न जोडता बदलावी. हे काम मेकॅनिककडून करवून घ्यावे. काजळी फुंकून उडवू नये, मास्क लावावा.

हात भाजल्यास २० मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा. बर्फ, टूथपेस्ट वा शाई लावू नये. वयानुसार त्वचा पातळ होते आणि मधुमेहात वेदना कमी जाणवू शकते. म्हणून लहानशी जखमही डॉक्टरांना दाखवावी. जखम मोठी असल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

घरच्यांनी ‘आबा, तुम्ही राहू द्या’ असे न म्हणता ‘धूर कुठून निघाला ते मेकॅनिकला सांगा’ असे म्हणावे. आबांचा मान राहील आणि हातही सुरक्षित राहतील.