आट्यांचा आटापिटा

लग्न जुळवणारे मध्यस्थ आणि जागा मिळवून देणारे दलाल, या दोन जमातींशी माझा आयुष्यात पुरेसा संबंध आला होता. निवृत्तीनंतर तिसऱ्या जमातीशी गाठ पडेल असं काही वाटलं नव्हतं. या जमातीचं नाव अ‍ॅडॅप्टर.

त्याचं असं झालं. मला पक्षी बघायचा नाद लागला म्हणून मुलीने स्पॉटिंग स्कोप आणून दिला. स्कोप म्हणजे तिवईवर बसवून एकाच डोळ्याने बघायची तगडी दुर्बीण. पाठोपाठ जावयांनी आपला वापरलेला डिजिटल कॅमेरा दिला. उपवर मुलगा आणि उपवर मुलगी एकाच छपराखाली आल्यावर घरातल्या वडीलधाऱ्याला जे सुचतं तेच मलाही सुचलं.

कागदावर स्थळ उत्तम होतं. वीसपटीच्या स्कोपला पन्नास मिलिमीटरचं भिंग असलेला कॅमेरा लावला, की वीस गुणिले पन्नास, म्हणजे हजार मिलिमीटरची लेन्स घरच्या घरी तयार! एवढी लेन्स वेगळी विकत घ्यायची म्हटली असती, तर माझ्या प्रॉव्हिडंट फंडाने तिवईवरच डोळे मिटले असते.

या प्रकाराचे जनक म्हणून मलेशियातले पक्षिनिरीक्षक लॉरेन्स पो यांचं नाव घेतात. १९९९ मध्ये त्यांनी साधा डिजिटल कॅमेरा स्कोपच्या आयपीसला हाताने टेकवला आणि फोटो काढला. हाताने! जनकांना जे दोन हातांनी जमलं, त्यासाठी आम्हा वारसदारांना मात्र कडी, नळकांडी आणि पट्ट्या यांचं अख्खं दुकान लागतं.

अ‍ॅडॅप्टरची मुख्य घराणी तीन. पहिलं आट्यांच्या कड्याचं. कॅमेऱ्याच्या भिंगापुढचे आटे आणि स्कोपच्या आयपीसचा घेर यांची पत्रिका जुळवायची. एकाचे आटे २८ मिलिमीटरचे, दुसऱ्याचे ३७, तिसऱ्याचे ५२; छत्तीस गुण जुळतील तर शपथ! दुसरं घराणं ‘युनिव्हर्सल’. हा एक आडवा-उभा सरकणारा लोखंडी हात असतो. सर्वांना चालणारा याचा अर्थ कोणालाच पहिल्या झटक्यात न बसणारा, हे मी रोख पैसे मोजून शिकलो. तिसरं घराणं मोठ्या कॅमेऱ्यांचं. त्यात कॅमेऱ्याचं भिंग काढून ठेवायचं आणि टी-माउंट नावाच्या कड्याने त्याला थेट स्कोपशी जोडायचं.

या टी-माउंटचा व्यास ४२ मिलिमीटर. जुन्या स्क्रूवाल्या कॅमेऱ्यांच्या भिंगांचा व्यासही ४२ मिलिमीटर. मी खूश होऊन जुन्या बाजारातून एक कडं स्वस्तात उचललं. एक वेढा फिरलं आणि अडकलं. का? तर टी-माउंटच्या दोन आट्यांमधलं अंतर पाऊण मिलिमीटर आणि जुन्या भिंगाच्या आट्यांमधलं पुरतं एक! पाव मिलिमीटरवरून मोडलेली सोयरीक मी तेव्हा प्रथमच पाहिली. ते कडं सोडवायला सायकलवाल्याकडे जावं लागलं. त्याने पैसे घेतले नाहीत. नुसता बघत राहिला.

या विषयातले जाणकार एकमुखाने सांगतात की अ‍ॅडॅप्टर घट्ट हवा. त्यांचं अगदीच खोटं नाही. कॅमेरा आयपीसच्या बरोबर मधोमध, सरळ रेषेत आणि नेमक्या अंतरावर बसला नाही, तर फोटोभोवती काळं कडं उमटतं आणि पक्षी विहिरीच्या तळाशी बसल्यासारखा दिसतो. म्हणून मी तीन स्क्रूंचा, पोलिसाच्या बेडीसारखा घट्ट अ‍ॅडॅप्टर घेतला. आणि इथेच माझं भांडण सुरू होतं.

भिगवणजवळ कुंभारगावला, उजनीच्या पाणवठ्यावर, हिवाळ्यात रोहित येतात. फ्लेमिंगो हो! गेल्या साली आत्याला घेऊन गेलो. आत्या शाळेत शिक्षिका होती. रोहित पक्षी मान खाली घालून, चोच उलटी करून चिखलपाण्यातून अन्न गाळून खातो, हे तिने तीस वर्षं फळ्यावर चित्र काढून शिकवलं. पण पाहिलं कधीच नव्हतं. नुसत्या डोळ्यांना लांबवर एक गुलाबी रेघ दिसत होती. चोच दिसायची ती स्कोपमधून.

स्कोपला मी कॅमेरा आवळून ठेवला होता. “आत्या, दोनच फोटो घेतो, मग काढतो.” “होऊ दे रे तुझं, मी थांबते,” असं म्हणून ती पदर सावरून काठावर उभी राहिली. दोनाचे चौदा झाले. मग पहिला स्क्रू सैल केला. दुसरा करतोय तोच वरून एक शिकारी पक्षी घिरटी घालून गेला आणि अख्खा थवा उठला. तिसऱ्या स्क्रूची गरजच उरली नाही.

मी घाईघाईने कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवला. आत्या चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, “छान आलाय. पण चित्र मी पुस्तकात पाहिलं होतं रे.”

म्हणून जाणकारांना माझा जाहीर सवाल आहे. अ‍ॅडॅप्टर किती घट्ट धरतो हे तुम्ही सांगता. तो किती पटकन सोडतो हे कोण सांगणार? स्कोप ही रांगेत उभं राहून बघायची वस्तू आहे. काठावरचा नावाडी, शेजारचं पोर, कोणाची तरी आत्या, सगळ्यांचा त्यावर हक्क असतो. त्यावर कॅमेरा कायमचा आवळणं म्हणजे सार्वजनिक नळाला घरचा पाइप जोडण्यासारखं आहे. मोबाइल आवळणारेही यातून सुटत नाहीत.

यावर म्हणाल, सैल बसवला तर फोटो हलेल. हलेल ना! पण तो बोटाच्या धक्क्याने हलतो. कॅमेऱ्यात दोन सेकंदांचा टायमर असतो, तो लावा आणि हात काढून घ्या. आयपीसवर टोपीसारखं चढणारं, नाहीतर बिजागरीवर बाजूला होणारं अ‍ॅडॅप्टर मिळतं, ते घ्या. आणि दुकानात उभे असाल तेव्हा डोळे मिटून, एका हाताने, ते काढून बघा. पाच आकडे मोजेपर्यंत निघालं नाही, तर दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडा.

मी आता तसं टोपीवालं घेतलंय. फोटोंच्या कोपऱ्यात जरासं काळं येतं. येऊ दे. या हिवाळ्यात आत्याला पुन्हा भिगवणला न्यायचंय. तिला ब्याऐंशी पूर्ण झाली आहेत. तिला आता तीन स्क्रू सैल होईपर्यंत थांबायला लावणं बरं नाही.